मामीचा नंदी

पोळा कोणाचा? बैलांचा.

आणि तान्हा पोळा? तो मुलांचा.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. वर्षभर जू वाहून खांदा कातळासारखा झालेला असतो, त्याला तेवढाच आराम. पोळ्याच्या दिवशी बैलांना धुतात, शिंगे रंगवतात, झुली घालतात. गावाच्या तोंडाशी तोरण बांधतात. बैल रांगेने उभे राहतात. म्हातारे-कोतारे झडत्या म्हणतात. तोरण तुटले की पोळा फुटतो. मग बैल घरोघर जातात आणि पुरणपोळी खातात.

दुसरा दिवस उजाडतो तो तान्ह्या पोळ्याचा. आज मोठ्या बैलांना सुट्टी. आज लाकडाचे बैल निघतात. आपल्याकडे त्यांना नंदी म्हणतात. खाली फळी, फळीला चार चाके, पुढे दोरी. मुले त्यांना सजवतात, ओढत ओढत घरोघर नेतात. घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर पैसे ठेवते. त्या पैशांना बोजारा म्हणतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही चाल सुरू केली असे सांगतात. नागपुरात आजही माणसाहून उंच नंदी निघतात. पण विदर्भातल्या खेड्यापाड्यांत नंदी वीतभराचा असतो. पोराच्या काखेत मावतो.

आजचा धडा असल्याच एका वीतभर नंदीचा आहे.

शेलूबाजार तुम्हाला ठाऊक आहे. मंगरूळपीर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते वाशीम जिल्ह्यात आले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शेलूबाजारजवळ त्या रस्त्यावर चढता-उतरता येते. त्यामुळे एक गोष्ट झाली. नागपूरला दिलेल्या लेकी सणाला सहज येऊ लागल्या. सकाळी निघाल्या की जेवायच्या आत माहेरी!

तर असे एक घर डोळ्यांपुढे आणा. घर शेलूबाजारचे समजा, हवे तर कारंज्याचे समजा. घरात सासू आहे, मुलगा आहे, सून आहे. पोळ्याला नागपूरची लेक आली आहे, म्हणजे सुनेची नणंद. तिच्यासोबत तिचा पाच वर्षांचा मुलगा आहे.

सुनेच्या पेटीत एक नंदी आहे. ती बापाची एकुलती एक लेक. लहानपणी तान्हा पोळा आला की गल्लीतली पोरं नंदी घेऊन निघत आणि ही दारात उभी राहून पाही. एक वर्षी बाप सुताराकडे गेला. दोन पायल्या ज्वारी देऊन त्याने सागाचा नंदी करून घेतला. लोक हसले. "पोरीले कायले पाह्यजे नंदी?" असे म्हणाले. बाप म्हणाला, "माह्या घरी तेच पोरगी, तेच पोरगं."

सुताराने घरच्या बैलावरूनच तो नंदी घडवला. त्या बैलाचे डावे शिंग थोडे आखूड होते. नंदीचेही डावे शिंग आखूड केले. पुढे तो बैल गेला. जोडी मोडली. बापही गेला. शेत भावकीकडे गेले. नंदी तेवढा राहिला. लग्नात भांडी-कुंडी आली, तशी पेटीच्या तळाशी लुगड्यात गुंडाळून हा नंदीही आला. दर वर्षी तान्ह्या पोळ्याला ती त्याला बाहेर काढते, तेलाचा हात फिरवते, कुंकू लावते आणि परत ठेवून देते.

ह्या वर्षी भाच्याने तो पाहिला. मामीनेच त्याच्या हाती दिला. पोराने गावभर मिरवला. बोजारा मिळाला. रात्री नंदीला उशाशी घेऊन झोपला. सगळ्यांना कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसायची वेळ झाली. पोराने नंदी काखेत मारला. "हा माझा. मी नेणार!" मामी पुढे झाली तर त्याने भोकाड पसरले.

नणंद म्हणाली, "वहिनी, नेऊ द्या ना त्याले. तुमच्या कोनत्या कामाचा हाय आता तो? पेटीतच तर असते."

सासू म्हणाली, "दे ना वो पोरी. लेकरू हाय. लाकडाचा तुकडा तो. लेकराचं मन मोडू नको सनासुदीचं."

नवरा अंगणात गाडीची काच पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती!

आता थांबा. पुढे वाचण्याआधी विचार करा. त्या सुनेच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

पुष्कळ बाया अशा वेळी गप्प बसतात. नंदी जातो. बाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मग पुढची दहा वर्षे नणंदेचे नाव निघाले की तिच्या कपाळाला आठी पडते. नणंदेला कारण कळत नाही. तिने तर फक्त लाकडाचा बैल नेला होता! ह्याला मन मोठे करणे म्हणत नाहीत. वस्तूही गेली आणि माणूसही गेले.

काही जणी खोटे बोलतात. "चाक मोडलं हाय, सुताराकडे द्याचा हाय." "देवाचा हाय, घराबाहेर नेला त कोप होते." असे सांगितले की आजची वेळ निभते. पण पुढच्या वर्षी चाक बसवलेले दिसते. आणि देवाचा धाक मुलांना उगाच दाखवू नये. नाही म्हणायला देव मध्ये कशाला?

काही जणी पाहुणे येण्याआधीच वस्तू लपवतात. ही युक्ती वाईट नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे ते पाहुण्यांच्या लेकरांपुढे मांडू नये, हे शहाणपणच. पण ह्या घरात ती वेळ टळून गेली होती. नंदी पोराच्या काखेत होता.

त्या सुनेने काय केले? ती आधी पोराशी बोलली नाही. पोराशी ओढाताण केली असती तर मोठ्यांना वाटले असते, ही लेकराशी भांडते. ती नणंदेकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली,

"ताई, हा नंदी मी देत नाई. माह्या बाबांनं माह्यासाठी करून घेतला होता. आता त्यायच्या हातचं माह्यापाशी येवढंच हाय. तुमाले वाईट वाटन, मले समजते. पन मी देत नाई."

पाहा, हे बोलणे किती लहान आहे. त्यात सबब नाही, टोमणा नाही. "तुमच्या पोराले वळन नाई" असे ती म्हणाली नाही. "मागच्या खेपेले तुमी माही साडी नेली" असेही म्हणाली नाही. म्हणावेसे वाटले असेल! जुने उकरून काढले की नंदी बाजूला राहतो आणि भांडण भलत्याच गोष्टीवर जाते.

मग ती पोरापाशी बसली. "हा मामीचा नंदी हाय. मामीच्या बाबांनं देल्ला. तू पुढच्या पोयाले ये, मी तुह्याच हातात देईन. तूच मिरवजो. आता तुले तुहा नंदी घेऊ." गावात पोळ्याच्या दुकानात उरलेले नंदी होते. मामीने आपल्या पदरचे पैसे दिले आणि नवऱ्याला धाडले. काच पुसण्यापेक्षा ते काम बरे. पोर थोडे रडले, थोडे फुरंगटले. नव्या नंदीच्या गळ्यात घुंगरू होते. ते वाजल्यावर निम्मे रडे थांबले. पाच वर्षांच्या मुलाला "नाही" ऐकून काही होत नाही. त्याला दुःख होते, पण ते संध्याकाळपर्यंतचे. मोठ्या माणसाने मन मारून दिलेले मात्र वर्षानुवर्षे सलते.

सासूचे मन मात्र निवले नाही. "सासरी आलेली वस्तू सासरची. त्यात तुह्यं-माह्यं काय?" असे ती पुटपुटली.

हे बोलणे आपण घरोघर ऐकतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू.

हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. त्याच्या १४व्या कलमात म्हटले आहे, की हिंदू स्त्रीजवळ जी मालमत्ता असेल तिची ती पुरी मालकीण आहे. मालमत्ता म्हणजे केवळ शेत आणि घर नव्हे. उचलून नेता येतील अशा वस्तूही त्यात येतात. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर कोणी तिला भेट दिली, तर तीही तिचीच. देणारा नातेवाईक असो की परका. स्त्रीधन हा जुना शब्द तुम्ही ऐकला असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितले, की स्त्रीधन हे बाईचे एकटीचे असते. ते सासरच्या घरात ठेवले म्हणून सासरचे होत नाही. सासरच्यांनी ते सांभाळायला घेतले असेल, तर मागताच परत केले पाहिजे.

आता, लाकडी नंदीसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. चढूही नये. वकिलाच्या फीमध्ये नंदींची दिंडी येईल! पण वस्तू कोणाची हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असले, तर मागणारा मागण्याआधी विचारतो. "नेऊ का?" असे विचारणे वेगळे आणि काखेत मारून "नेऊ द्या" म्हणणे वेगळे.

पुरुषांचेही असेच असते, बरे का. मुलगा पुण्याला शिकायला जातो. त्याचा भोवरा, त्याच्या गोट्यांचा डबा, आजोबांनी धांड्याची केलेली बैलगाडी घरी राहते. आई ते काकाच्या पोरांना वाटून टाकते. "आता तू काय खेळतोस थोडाच!" मुलगा दिवाळीला येतो, फळी रिकामी पाहतो आणि काही बोलत नाही. बोलला तर सगळे हसतील, एवढा मोठा झाला आणि गोट्यांसाठी रडतो! आईच्या मनात वाईट नव्हते. पण वस्तू मुलाची होती आणि मुलगा घरात नव्हता. एक निरोप धाडला असता, एक फोन केला असता, तर बहुतेक त्यानेच म्हटले असते, "गोट्या दे, गाडी ठेव." माणूस सगळेच धरून ठेवत नाही. त्याला एक-दोनच वस्तू हव्या असतात. कोणत्या, ते मात्र त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता लहान मुलांकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त अन्याय त्यांच्यावर होतो.

पाहुणे येतात. पाहुण्यांचे पोर आपल्या पोराची बाहुली उचलते. आपले पोर ओरडते. आपण काय करतो? आपल्याच पोराला दटावतो. "दे त्याले! पाहुना हाय तो! हावरट कुठचा!" पाहुणे बाहुली घेऊन जातात. आपण उदार ठरतो. पण उदारपणा कोणाच्या जिवावर? बाहुली आपली नव्हती. दुसऱ्याच्या खिशातले काढून दान करण्यासारखे हे झाले.

इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते. शेकडो आया आपली मुले घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुष्कळ मुलांची एखादी लाडकी वस्तू असते. कोणाची चिंधी, कोणाचे पांघरूण, कोणाचे कापडाचे अस्वल. ती मळते, फाटते, वास मारते. तरी मूल तिच्याशिवाय झोपत नाही. आई जवळ नसली की ती वस्तू मुलाला धीर देते. १९५१ साली त्यांनी ह्यावर निबंध वाचला. त्यांचे सांगणे असे, की ही वस्तू मुलाची असते, तिच्यावर हक्क त्याचा असतो. मोठ्यांनी ती परस्पर बदलू नये. मुलाला गरज उरली नाही की ते आपणच तिला बाजूला ठेवते.

आपल्याकडच्या आज्यांना हे निबंध न वाचता ठाऊक होते. आजीच्या लुगड्याची गोधडी घेतल्याशिवाय न झोपणारे पोर प्रत्येक गल्लीत असते. ती गोधडी धुवायची तर पोर झोपल्यावर हळूच काढून धुवायची, आणि उठायच्या आत वाळवून ठेवायची!

म्हणून पाहुणे यायचे असले तर आधीच मुलाला विचारा. "कोणती खेळणी सगळ्यांनी खेळायची? आणि कोणती तुझी एकट्याची?" एकट्याची असतील ती वर ठेवा. उरलेली खाली मांडा. मग मूल आपण होऊन देते. सक्तीने देववले तर त्याला देणे आवडत नाही. ते फक्त लपवायला शिकते.

जुन्या रंगीत खेळण्यांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. लहान मूल खेळणे तोंडात घालते, चाटते, चावते. रंगाचे पोपडे पोटात जातात. शिशाने मुलाच्या मेंदूला इजा होते, रक्त कमी होते. ते बाहेरून दिसत नाही. आता घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय.ची खूण सक्तीची झाली. तेव्हा आजोबांच्या वेळचे रंगवलेले खेळणे दोन वर्षांच्या मुलाला चघळायला देऊ नये. नात्यातले असो की घरचे. दुरून दाखवावे. त्याच्याजवळ साधे, बिनरंगाचे लाकूड बरे. मात्र हे कारण खरे असेल तेव्हाच सांगा. सुनेचा नंदी सागाचा होता, रंग नव्हता. तिने शिशाचे नाव काढले असते तर तीही एक सबबच झाली असती.

आता शेलूबाजारच्या घरी परत चला. नणंद गेली. जाताना नीट बोलली नाही. "येतो" म्हणाली ते भावाला. गणपती गेले, दसरा गेला. एरवी आठवड्याला फोन येई. तो महिन्यावर गेला, आणि तोही आईच्या फोनवर. सून समजून होती. "नाही" म्हटले की काही दिवस असे जायचेच. तिने आपणहून फोन केला. नंदीचा विषय काढला नाही. तुरीचे कसे आहे, पोराची परीक्षा कधी, एवढेच. माफी मागितली नाही, कारण मागण्यासारखे काही केले नव्हते.

दिवाळीला भाऊबीजेसाठी नणंद आली. रात्री भांडी घासता घासता एकदम आईला म्हणाली,

"माय, माही पितळेची भातुकली कुठं गेली वो?"

सासू म्हणाली, "कोनती?"

"तेच की. चूल, तवा, जातं, कळशी. बाबांनं कारंज्याहून आनली होती. डबा भरून होती."

सासूने आठवले. "तुह्यं लगन झालं तवा मामाच्या पोरीले देऊन टाकली. तू त चालली होतीस सासरी."

नणंद गप्प झाली. कळशी विसळत राहिली. मग म्हणाली, "मले इचारलं असतं त मी नेली असती."

सुनेने वर पाहिले नाही. तीही भांडी पुसत राहिली. त्या रात्री नंदीबद्दल कोणी बोलले नाही. पण सासू उशिरापर्यंत जागी होती. सकाळी चहा घेताना ती आपणच सांगू लागली. तिचे लग्न तेराव्या वर्षी झाले. तिची एक चिंधीची बाहुली होती, डोळे काजळाचे. सासरी निघताना तिने ती घेतली, तर चुलतीने हातातून काढली. "आता तू बाई झाली, भावलीसंगं काय खेळतं?" ती बाहुली कोणाला दिली, ते तिला कधी कळले नाही. "मले कोनी इचारलं नाई, म्हून मीबी कोनाले इचारलं नाई," असे ती म्हणाली. सुनेने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

घरोघरची पितळेची भातुकली अशीच गेली. काही नात्यात वाटली गेली. काही मोडीच्या भावात भांडेवाल्याने नेली. लाकडी ठकी चुलीत गेली. ती कोणी केली, कोणासाठी केली, हे सांगणारेही गेले.

पण एका माणसाने असल्या वस्तू जपल्या. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ सालचा. ते कवी होते, ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने लिहीत. १९२० सालाच्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला. सोन्या-नाण्याचा नव्हे बरे. दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या, भांडी, खेळणी, बाहुल्या! लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी गोळा केले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याचेच नाव त्यांनी आपल्या संग्रहाला दिले. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९९० साली ते वारले. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. पुण्याला गेलात तर अवश्य पाहा. ज्या माणसाने एवढे जपले, त्याने ते दिलेही. पण केव्हा द्यायचे, कोणाला द्यायचे, हे त्याने स्वतः ठरवले.

संग्रहालयात प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असते. काय आहे, कुठले आहे, कधीचे आहे. चिठ्ठी नसली तर वस्तू मुकी होते. मग नंदी म्हणजे खरोखरच लाकडाचा तुकडा!

सुनेने दिवाळीनंतर तेच केले. ती साक्षरता वर्गात लिहायला शिकली होती. आजवर सहीपुरतीच लेखणी धरत असे. तिने वहीचे अर्धे पान फाडले आणि लिहिले:

"हा नंदी माझा आहे. मी दुसरीत होती तेव्हा बाबांनी सुताराकडून करून घेतला. दोन पायल्या जवारी दिली. डावे शिंग लहान आहे कारण आमचा बैल तसाच होता. तान्ह्या पोळ्याला कोणीबी मिरवावा. पेटीत परत ठेवावा."

चिठ्ठी तिने घडी करून नंदीच्या फळीखाली चिकटवली. लाकडाला कीड लागू नये म्हणून पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. पाला दर पावसाळ्याआधी बदलावा लागतो.

आता तुमची पाळी. पाटी घ्या किंवा वही घ्या. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल. नंदी असेल, बाहुली असेल, भोवरा असेल. ती कोणाची, कोणी दिली, कशाची केली, हे चार ओळींत लिहा. साल ठाऊक नसेल तर "मी दुसरीत होतो तेव्हा" किंवा "मोठा दुष्काळ पडला तेव्हा" असे लिहिले तरी चालेल. एखादा शब्द अडला तर पुढच्या वर्गात विचारा. आणि वस्तू दुसऱ्याची असेल, तर लिहिण्याआधी तिच्या मालकाला बोलावून सांगायला लावा, आणि तो सांगेल तसेच उतरवून घ्या.